अख्खा ग्रिड अक्षय ऊर्जेवर नेणं: जमेल का, आणि खर्च कुठे होतो?

अनुजा_क: सौरवीज कोळशाच्या विजेपेक्षा स्वस्त झाली, असं सगळीकडे वाचते. मग अख्ख्या देशाचा ग्रिड तिच्यावर न्यायला अडतंय कुठे? पैसा की तंत्र? या क्षेत्रातलं कुणी असेल तर आकड्यांसकट सांगा.

फ्रिक्वेन्सी५०: मी लोड डिस्पॅचमध्ये, म्हणजे ग्रिडवर कोणत्या क्षणी किती वीज सोडायची ते ठरवणाऱ्या केंद्रात, काम करतो. माझं मत: जमतं. पण तुम्ही वाचलेला दर ऊन असतानाच्या विजेचा आहे. लोकांना वीज रात्रीही लागते, आणि खरा खर्च तिथे आहे.

सरासरी १०,००० मेगावॅट भाराचा ग्रिड धरा. त्याला दिवसाला २,४०,००० मेगावॅट-तास लागतात. दक्षिण ऑस्ट्रेलियात हॉर्न्सडेलला २०१७ मध्ये बसवलेली बॅटरी, त्या वेळची जगातली सर्वांत मोठी लिथियम बॅटरी, १२९ मेगावॅट-तासांची होती. तिच्यावर हा ग्रिड जेमतेम पाऊण मिनिट चालेल. ती मुळात त्यासाठी नव्हतीच. मागणीपेक्षा वीज कमी पडली की ग्रिडची फ्रिक्वेन्सी (विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं) घसरते; ती क्षणात सावरायचं तिचं काम, आणि ते ती चोख करते. संध्याकाळचे चारेक तास बॅटरीवर काढणं आता आवाक्यात आलंय. पण हिवाळ्यात उत्तर युरोपात कधीकधी आठवडाभर ना ऊन ना वारा! वर्षातून तेवढ्याच दिवसांसाठी उभी केलेली यंत्रणा एरवी बसून राहते, म्हणून शेवटचे दहा-वीस टक्के सर्वांत महाग पडतात.

पाणचक्की: उरुग्वेने तर दहाएक वर्षांत करून दाखवलं की. ९० टक्क्यांच्या वर वीज अक्षय आहे त्यांची.

फ्रिक्वेन्सी५०: हो, आणि मला ते उदाहरण फार आवडतं. पण त्यांची धरणं आधीपासून होती. वारा असेल तेव्हा पाणी राखायचं, पडला की सोडायचं. डेन्मार्कही असंच नॉर्वेच्या धरणांवर विसंबतो, समुद्राखालच्या केबलने. ज्या देशाला धरणंही नाहीत आणि शेजारीही नाही, त्याचं गणित वेगळं.

उरुग्वेची दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. सरकारी वीज कंपनीने दीर्घ मुदतीचे खरेदी करार दिले, त्यामुळे प्रकल्पांना कर्ज मिळणं सोपं झालं. सौर-पवनला इंधन लागत नाही, जवळपास सगळा पैसा आधीच घालावा लागतो. १०० कोटींचा प्रकल्प २५ वर्षांत फेडायचा तर ५ टक्के व्याजाने वर्षाला सुमारे ७ कोटी जातात, १२ टक्क्यांनी पावणेतेरा. पॅनेल तेच, ऊनही तेच! गरीब देशांना हे संक्रमण महाग पडतं ते या व्याजापायी, आणि त्यावर पुरेसं बोललं जात नाही याचं मला वाईट वाटतं.

अनुजा_क: मग पहिला पैसा कशावर घालाल?

फ्रिक्वेन्सी५०: पारेषण वाहिन्यांवर, म्हणजे वीज लांबवर नेणाऱ्या लाइनवर. सौर प्रकल्प वर्ष-दीड वर्षात उभा राहतो. उच्चदाबाच्या लाइनला जमीन आणि परवानग्या मिळेपर्यंतच कित्येक वर्षं जातात. तोवर तयार वीज आम्हालाच बंद करायला सांगावी लागते.