मॅकलरेन एफ१ सगळ्यांना आठवते, जॅग्वार एक्सजे२२० कुणाला?

गुंतवणूक म्हणून गाडी घ्यायची म्हटलं की मॅकलरेन एफ१ या सुपरकारचा दाखला देतात: फक्त १०६ बनल्या, २०२१ मध्ये एक गाडी लिलावात दोन कोटी डॉलरच्या वर गेली, म्हणून लिमिटेड एडिशन (मोजक्याच बनवलेली गाडी) डोळे झाकून घ्या, असं म्हणतात. अहो, ज्याला लॉटरी लागली त्याचाच फोटो पेपरात येतो!

जॅग्वार एक्सजे२२० घ्या. १९८८ ला दाखवली तेव्हा बारा सिलिंडरचं व्ही१२ इंजिन, फोर व्हील ड्राइव्ह. लोकांनी पन्नास-पन्नास हजार पौंड भरून नंबर लावले. १९९२ मध्ये प्रत्यक्ष आली ती सहा सिलिंडरची व्ही६ टर्बो, ताकद फक्त मागच्या चाकांना. त्यात मंदी. बुकिंग केलेल्यांपैकी काही जण करारातून सुटायला कोर्टात गेले. तीनशेसुद्धा बनल्या नाहीत, तरी पुढे कितीतरी वर्षं ती मूळ किमतीच्या खालीच मिळत होती. उलट फेरारी एफ४० तेराशेच्या वर बनल्या आणि आज भाव मूळ किमतीच्या कैक पट! तेव्हा किती बनल्या या नुसत्या आकड्यावर जाऊ नका.

शिवाय उभी गाडीही पैसे खातेच. टायर, सील वयानेच जातात. एफ१ ची इंधनटाकी तर ठरावीक वर्षांनी बदलावीच लागते. विमा आणि लिलाववाल्यांचं कमिशन वेगळंच. विकायलाही मोकळीक असेलच असं नाही. फोर्डने नव्या जीटी सुपरकारच्या ग्राहकांकडून दोन वर्षं न विकण्याचं लिहून घेतलं होतं आणि २०१७ मध्ये कुस्तीपटू-अभिनेता जॉन सीनावर ती अट मोडल्याबद्दल दावाही ठोकला.

चालवायची हौस असेल तर जरूर घ्या. नुसती झाकून ठेवायची असेल, तर मला तरी यात गंमत दिसत नाही.