खोल कीलच्या बोटीने मुंबई ते मुरगाव : मुक्काम कोठे करावेत?

डोलकाठी :
नमस्कार. फेब्रुवारीत शिडाच्या बोटीने मुंबईहून मुरगावला जाण्याचा आमचा विचार आहे. बोट ३८ फुटांची असून तिची कील (तळाखालचा उभा पंख) पाण्याखाली २.१ मीटर जाते. सरासरी ५ नॉट (ताशी ५ सागरी मैल) वेग धरता येईल. आम्ही तिघे आहोत आणि त्यांपैकी दोघांनी आजवर बंदराबाहेर रात्र काढलेली नाही, म्हणून रोज संध्याकाळी मुरूड, दाभोळ, जयगड, देवगड, मालवण असे नांगर टाकत जावे, असा बेत आखला होता. मात्र नकाशा उलगडून बसलो तेव्हा यांतल्या निम्म्या ठिकाणी ओहोटीला आमच्या कीलपुरते तरी पाणी राहील का, अशी शंका आली. या किनाऱ्याने अशी बोट नेलेल्यांनी कृपया सल्ला द्यावा.

पश्चिमवारा :
आपली शंका रास्त आहे. आंग्र्यांची गलबते उथळ तळाची होती, म्हणून ती खाड्यांत सहज शिरत आणि पाठलागावरची मोठी जहाजे बाहेरच थांबत. आपली बोट या बाबतीत त्या मोठ्या जहाजांसारखी आहे, हे धरूनच मुक्काम निवडावेत.

माझ्या मते दोनच मुक्काम करावेत, जयगड आणि विजयदुर्ग. दोन्हीकडे पुरेसे पाणी आहे आणि वायव्येची लाट डोंगराआड अडते. मुंबईहून दुपारी १ च्या सुमारास निघाल्यास खांदेरी आणि चौल कडूचा खडक उजेडातच मागे पडतात, आणि अंदाजे १०० सागरी मैल कापून दुसऱ्या दिवशी सकाळी जयगडात शिरता येते. ती रात्र नवख्यांना जड वाटेल, पण अंधारात अनोळखी खाडीचे तोंड शोधण्यापेक्षा ती पुष्कळ सुरक्षित असते. पुढचे ४५ मैल पहाटेच्या मतलई (जमिनीकडून येणाऱ्या) वाऱ्यावर सुरू करावेत. दुपारी खारा (समुद्राकडचा) वारा उठला की तो विजयदुर्गापर्यंत नेतो.

दाभोळ मात्र पहिल्या खेपेस टाळावे, कारण वाशिष्ठी नदीच्या तोंडावरचा वाळूचा दांडा सरकत राहतो आणि नकाशातला आकडा जुना होतो. २ मीटर कीलच्या बोटीतून मी तेथे शिरत होतो. नकाशातली (ओहोटीच्या वेळची) खोली १.५ मीटर, वर भरतीचे १.८, म्हणजे कीलखाली १.३ मीटर पाणी राहील, असा माझा हिशेब होता. खोलीमापकावर ३.१, २.७, २.३ असे आकडे उतरत गेले, आणि लाटेच्या खळग्यात बोट बसताच खालून बोदा आवाज आला, डोलकाठीच्या तारा थरथरल्या आणि सुकाणूमागचे पाणी चहासारखे गढूळ झाले. भरती अजून चढत होती, म्हणून पंधरा मिनिटांत सुटलो. उधाणाच्या (सर्वांत मोठ्या भरतीच्या दिवसांतल्या) ऐन भरतीला रुतलो असतो तर भांग (लहान भरतीचे दिवस) सरून पुढचे उधाण येईपर्यंत बोट तेथेच राहिली असती. तेव्हापासून लाटेची निम्मी उंची हिशेबातून वजा करतो आणि भरती निम्मी चढली की आत शिरतो; ओहोटी लागल्यावर कधीही नाही.

मालवणच्या खडपांत स्थानिक तांडेलाशिवाय (होडीच्या नाखव्याशिवाय) जाऊ नये. देवगड आपल्याला उथळ पडेल.

घेरा :
वरील सल्ल्याशी सहमत आहे. जाळ्यांबद्दल मात्र लिहायला हवे, कारण खोल कीलला तीच अधिक अडकतात. मासेमारीबंदी जून-जुलैत असते, त्यामुळे फेब्रुवारीत समुद्र जाळ्यांनी भरलेला असेल. डोल जाळी (प्रवाहात रोवून ठेवलेली पिशवीसारखी जाळी) टाळण्यासाठी ३० मीटर खोलीच्या बाहेरून जावे. रात्री एखाद्या होडीवरून बॅटरी हलवली जाऊ लागली, तर थांबून जाळ्याचे टोक कोणत्या बाजूला आहे ते विचारावे. दोर कील आणि सुकाणू यांच्यामध्ये शिरला असे वाटताच इंजिन लगेच न्यूट्रलमध्ये टाकावे. इंजिनाचा पाण्यातला पंखा फिरत राहिला तर दोर त्याला गुंडाळला जातो. व्हीएचएफ रेडिओच्या १६ क्रमांकाच्या (संकटकाळच्या) वाहिनीवर सतत कान ठेवावा. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ आहे.

विजयदुर्गाहून दुपारी ४ वाजता निघावे. वेंगुर्ल्याचे खडक रात्री लागतात, तेव्हा तेथील दीपगृह डावीकडे लांब ठेवावे. पणजीचा मोह मात्र आवरावा, कारण मांडवीच्या मुखाशी आग्वादजवळ वाळूचा बांध आहे.

डोलकाठी :
दोघांचेही मनापासून आभार. दाभोळ, देवगड आणि मालवण वगळले आहेत. आता भरतीचे तक्ते पाहून, जयगड आणि विजयदुर्ग या दोन्ही ठिकाणी आम्ही पोहोचू त्या वेळी भरती चढती असेल, अशी निघण्याची तारीख शोधतो आहे. मुरूडच्या राजपुरी खाडीबद्दल कोणाचा अनुभव असल्यास अवश्य लिहावा.