किशोनला पूर आला, की परमेश्वर लढला?

प्रश्न (सदर, नागपूर)
आमच्या अभ्यासवर्गात सध्या बायबलमधील ‘शास्ते’ हे पुस्तक चालू आहे. परमेश्वराने इस्राएलचा शत्रू, कनानी सेनापती सीसरा याच्या सैन्याची दाणादाण उडवली आणि तो रथ टाकून पायी पळाला, एवढेच चौथा अध्याय सांगतो. पाचव्यातील, इस्राएलची संदेष्टी दबोरा हिच्या गीतात मात्र मेघांनी पाणी ओतले, आकाशातून तारे लढले आणि किशोन नदीने शत्रूला वाहून नेले. विजयाचे कारण पाऊस मानले, तर दैवी हस्तक्षेप उरतो कुठे?

उत्तर (अजनी)
आधी जमीन पाहावी. किशोन इज्रेलच्या सपाट खोऱ्यातून वाहते आणि तिथली माती आपल्या विदर्भातल्या काळ्या मातीसारखीच भारी, चिकण आहे. मृगाची जोरदार सर पडल्यावर वावरात शिरलेल्या बंडीच्या चाकांना चिखलाचे गोळे धरतात आणि बैल जागचे हलत नाहीत. मग सीसराच्या ९०० लोखंडी रथांची काय गत झाली असेल! तो पायी का पळाला, हेही त्यातून उलगडते. हे गीत बरेच अभ्यासक हिब्रू काव्याच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत धरतात. त्यातले मेघ परमेश्वर चालून आला म्हणून बरसतात, त्यामुळे ‘पाऊस की परमेश्वर’ ही निवड त्या कवीपुढे नव्हतीच.

उत्तर (धरमपेठ)
किशोनपुरते हे पटते, पण सगळीकडे असा पाऊस हाती लागत नाही. इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदाच्या राज्यावर चालून आला, तेव्हा परमेश्वराच्या दूताने एका रात्रीत १,८५,००० सैनिक मारले, असे बायबलमधील ‘दुसरे राजे’ हे पुस्तक सांगते. सन्हेरीबाच्या कोरीव लेखात याचा उल्लेख नाही. ४६ तटबंदीची नगरे घेतली आणि यहूदाचा राजा हिज्कीया याला यरुशलेमात पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखे कोंडले, एवढी फुशारकी आहे. खंडणीतले ३० किक्कार (वजनाचे जुने माप) सोने दोन्हीकडे जुळते. यहूदातील लाखीश नगराचा पाडाव त्याने आपली राजधानी निनवे येथील राजवाड्यात भिंतीभर कोरवून घेतला, पण यरुशलेम जिंकल्याचा दावा मात्र तोही करत नाही. छावणीत रोगाची साथ आली असावी, हा नंतरच्या लोकांचा तर्क. मूळ मजकुरात रोगाचे नाव नाही.

उत्तर (महाल)
शेजाऱ्यांचेही ऐकावे. इस्राएलशेजारच्या मवाब राज्याचा राजा मेशा याच्या इ.स.पू. नवव्या शतकातील शिलालेखात इस्राएलवरील विजय कमोश देवाने दिला आणि आधीची गुलामगिरी त्याच्याच कोपाने आली, असे लिहिले आहे. इस्राएलचीही हीच रीत होती, पण ‘पहिले शमुवेल’च्या चौथ्या अध्यायात ती अवघड होऊन बसते: विजय मिळावा म्हणून कराराचा कोश (परमेश्वराच्या सान्निध्याचे चिन्ह असलेली पवित्र पेटी) रणांगणावर आणला, तरी इस्राएलचे ३०,००० पायदळ पडले आणि कोशच शत्रूच्या, म्हणजे पलिष्टी लोकांच्या हाती गेला. तुमच्या वर्गात दबोरेच्या गीतानंतर लगेच हा अध्याय घ्यावा.