डेंग्यूचं पत्रक लोक वाचतील असं कसं लिहू?

नासर्डीकाठ
नमस्कार मंडळी. आमची सोसायटी नाशिकला, नासर्डी नदीच्या पुलाजवळ, तीन विंगची. पाऊस उघडल्यापासून दोन घरांत डेंग्यू निघाला. त्यातली आठवीतली मुलगी ॲडमिट होती, आता घरी आली आहे. कमिटीने पत्रक काढायचं काम माझ्याकडे दिलंय. शेजारच्या सोसायट्या आणि मागची चाळ धरून हजारभर प्रती लागतील.

अडचण अशी की इथे जो तो नासर्डीकडे बोट दाखवतो. 'नदी साफ होत नाही तोवर आपण काय करणार' हे ऐकून कान किटले. माझ्या मसुद्याची सुरुवात अशी आहे:

'सर्व सन्माननीय रहिवासी बंधू-भगिनींना कळविण्यात येते की, डेंग्यू हा एक गंभीर विषाणूजन्य आजार असून त्याचा प्रसार एडिस इजिप्ती या डासाच्या मादीमार्फत होतो. तरी सर्वांनी आपला परिसर स्वच्छ ठेवून सहकार्य करावे, ही नम्र विनंती.'

पुढे लक्षणं, उपाय, सगळं मिळून पानभर होतंय. माहिती सगळी खरी आहे, पण हे वाचून कोणी साठलेलं पाणी बघायला गच्चीवर जाईल असं मलाच वाटत नाही. काय बदलू?

पंचवटीकर
चित्र टाका ताई, पण कवटी किंवा सलाईन लावलेलं पोर नको. भीतीचं चित्र दिसलं की माणूस कागद उलटा ठेवतो. पिंपाचं चित्र काढा, आतली कड दाखवणारं.

छापखाना
ताई, रविवार कारंज्याजवळच्या छापखान्यात मी अनेक वर्षं जुळणी केली. लग्नपत्रिकेपासून निवडणुकीच्या पत्रकापर्यंत सगळं हाताखालून गेलं, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

'सन्माननीय' ते 'नम्र विनंती' एवढ्या मजकुरात वाचणाऱ्याने नेमकं काय करायचं ते कुठेच नाही. 'परिसर स्वच्छ ठेवा' म्हटलं की प्रत्येकाला शेजाऱ्याचा परिसर आठवतो. तुम्हाला एकच काम करून हवंय: आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी रिकामी करून घासायची. मग पत्रकातली प्रत्येक ओळ त्या कामाकडे नेणारी हवी. जी नेत नाही ती कितीही खरी असली तरी काढा. 'एडिस इजिप्ती' काढा, 'विषाणूजन्य' काढा.

आता नासर्डी. लोकांचा जो आक्षेप आहे, तोच मथळ्यात घ्या. सांडपाण्यात वाढणारा डास वेगळा, तो क्युलेक्स. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि जन्मला तिथून फार लांब जात नाही. म्हणून मथळा असा करा:

'डेंग्यूचा डास नासर्डीतून येत नाही. तो आपल्याच गच्चीवर, आपल्याच बाल्कनीत जन्मतो.'

हे वाचून कोणीतरी 'कशावरून?' म्हणणारच. तिथे एक गोष्ट नीट सांगा, बाकी माहिती थोडक्यात आटपा. मादी अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या कडेला चिकटवते. काळे बारीक ठिपके, पटकन मळच वाटतो. पाणी ओतून दिलं तरी ती तिथेच राहतात, कोरडी पडूनही महिनोन् महिने टिकतात आणि पुन्हा पाणी चढलं की फुटतात. म्हणून घासणं आलं. अंडं ते डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याचा हिशोब. हे कारण कळलं की माणूस ब्रश हातात घेतो, नुसती सूचना वाचून घेत नाही.

मग काम, वार आणि वेळेसकट:

'रविवारी सकाळी १० वाजता. पिंप, कुंडीखालची ताटली, फ्रिजमागचा ट्रे, मनी प्लँटची बाटली, गच्चीवरचा टायर. पाणी ओता, आतली कड ब्रशने घासा.'

खाली 'कमिटी' एवढंच लिहू नका. प्रत्येक विंगच्या एका माणसाचं नाव आणि नंबर त्याला विचारून टाका. ओळखीचं नाव दिसलं की कागद आपल्या घरचा वाटतो.

छपाईचं: ए-५ आकार, ७० जीएसएम (जाडीचं माप) मॅपलिथो म्हणजे छपाईचा साधा पांढरा कागद, एकच रंग पुरे. अक्षर १४ पॉइंटच्या खाली नको. मराठीत वर वेलांटी, खाली उकार, त्यामुळे लहान टायपात आजी-आजोबांना त्रास होतो. मोबाइलवर टाइप केलेला मजकूर डीटीपीवाला जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेतो, तेव्हा रफार आणि 'ऱ्या' हमखास मोडतात. कागदावर प्रूफ मागा, आणि फोन नंबर एकाने मोठ्याने वाचून दुसऱ्याने आकडा-आकडा ताडून बघा.

आशा_सातपूर
वरचं सगळं पटलं. आजाराची माहिती मागच्या बाजूला चौकटीत द्या, म्हणजे ताप आला की कागद शोधला जाईल. त्यात हे असू द्या: अचानक जोराचा ताप, डोळ्यांच्या मागे दुखणं, अंग मोडून येणं, तर रक्त तपासा. तापाला पॅरासिटामॉल चालतं. ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनाने घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

आणि एक ओळ ठळक हवीच: ताप उतरला म्हणजे धोका टळला असं नाही. आजाराच्या साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी, ताप उतरतानाच तब्येत बिघडू शकते. पोटात खूप दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, रुग्ण गळून जाणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच दवाखाना. घरचे लोक ताप गेला म्हणून निर्धास्त होतात, माझा जीव तिथेच अडकतो.

हा डास दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि सूर्य मावळायच्या आधी. फक्त रात्री मच्छरदाणी लावून भागत नाही.

नासर्डीकाठ
तिघांचेही मनापासून आभार. मथळा तोच घेते. चाळीचा प्रश्न मात्र उरतो. तिथे नळाला पाणी थोडाच वेळ येतं, सगळी भिस्त पिंपांवर. त्यांना 'पाणी ओता' कसं सांगू? सोसायटीवाल्या बाईला काय जातंय सांगायला, असं वाटेल त्यांना, आणि ते चूक म्हणता येणार नाही.

छापखाना
बरोबर आहे तुमचं. चाळीसाठी ती ओळ बदला: 'पिंपावर जुनं धोतर किंवा साडी घट्ट बांधा, फट ठेवू नका. आठवड्यात ज्या दिवशी पिंप तळाला जाईल, त्या दिवशी नवं पाणी भरायच्या आधी आतली कड घासा.' एक थेंबही फुकट जात नाही. मजकूर तयार झाला की दोनशे प्रती या वेगळ्या छापून घ्या.

आशा_सातपूर
आणि चाळीत पेपरात घालून पाठवू नका, सगळ्यांकडे पेपर येत नाही. नळाच्या वेळेला जा. बायका तेव्हा पिंपापाशीच असतात, कड तिथल्या तिथे दाखवता येते. सोसायट्यांना शनिवारी सकाळी पेपरातून द्या, म्हणजे रविवारपर्यंत कागद घरात असेल.