पेशीभित्तिका वनस्पतींची, कवकांची आणि जिवाणूंची: नाव एक, मग वस्तूही एकच का?

प्रश्न (जिज्ञासा): पाठ्यपुस्तकातील तक्त्यात वनस्पती, कवके आणि जिवाणू या तिन्ही रकान्यांत ‘पेशीभित्तिका आहे’ असे लिहिलेले असते आणि प्राण्यांच्या रकान्यात ‘नाही’. त्यामुळे ही भित्तिका तिघांकडे एकाच पूर्वजाकडून आली असावी आणि प्राण्यांनी ती पुढे गमावली असावी, असे मी धरून चालले होते. पण पेनिसिलिन जिवाणूंची भित्तिका नीट बनू देत नाही आणि कवकांवर मात्र त्याचा काही परिणाम होत नाही, हे वाचल्यापासून या समजुतीला तडा गेला आहे. असे का होते?

उत्तर १ (पर्णरेषा): तडा योग्य जागी गेला आहे. ‘पेशीभित्तिका’ हे नाव कामावरून पडले आहे, घटकद्रव्यावरून नाही. पेशीच्या आतील द्रव बहुधा बाहेरच्या पाण्यापेक्षा अधिक संहत असल्यामुळे परासरणाने पाणी आत येत राहते, आणि नाजूक पेशीपटलाला तो दाब एकट्याने पेलवत नाही. म्हणून पटलाबाहेर ताण सोसणारे आवरण लागते. ही गरज सर्वांची सारखी असली, तरी प्रत्येक गटाने ती आपापल्या द्रव्याने भागवली.

वनस्पतींमध्ये ग्लुकोजच्या लांब साखळ्या एकत्र येऊन सेल्युलोजचे सूक्ष्मतंतू बनतात आणि ते हेमीसेल्युलोज व पेक्टिन यांच्यात रुतलेले असतात. शेजारच्या दोन पेशींना चिकटवून ठेवणारा थर मुख्यतः पेक्टिनचा असतो. फळ पिकताना मऊ पडते, त्यामागे या पेक्टिनचे विघटन हे एक मोठे कारण आहे. वाढ थांबल्यावर काही पेशी आतल्या बाजूने दुय्यम भित्तिका रचतात, आणि तिच्यात लिग्निन भरले की लाकडाचा कठीणपणा येतो. रॉबर्ट हूक यांनी १६६५ मध्ये बुचाच्या कापात जे कप्पे पाहून ‘सेल’ हा शब्द वापरला, ते खरे तर मृत पेशींच्या उरलेल्या भित्तिकाच होत्या.

उत्तर २ (सूक्ष्मदर्शी): पेनिसिलिनबद्दल लिहितो, कारण गंमत तिथेच आहे. कवकांच्या भित्तिकेतील कायटिन हे एन-ॲसिटिल ग्लुकोसामाइन या शर्करेची साखळी असते, आणि जिवाणूंची भित्तिका ज्या द्रव्याची असते त्या पेप्टिडोग्लायकनमध्येही हीच शर्करा एन-ॲसिटिल म्युरॅमिक आम्लाशी आलटून पालटून येते. म्हणजे वीट थोडीफार सारखीच आहे, पण बांधणी निराळी: जिवाणूंमध्ये या साखळ्या छोट्या पेप्टाइडांनी (अमिनो आम्लांच्या आखूड साखळ्यांनी) एकमेकींना आडव्या जोडलेल्या असतात, आणि पेनिसिलिन ही जोडणी करणारे विकरच निकामी करते. कवकांत अशी जोडणी नसल्याने औषधाला लक्ष्यच उरत नाही. त्यांच्यासाठी एकायनोकँडिन गटातील औषधे बीटा-ग्लुकन या दुसऱ्या घटकाची निर्मिती रोखतात.

जिवाणूंमध्येही सगळे एकसारखे नाहीत. हान्स ख्रिश्चन ग्राम यांनी १८८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रंजनपद्धतीत रंग धरून ठेवणाऱ्यांची पेप्टिडोग्लायकनची भित्तिका साधारण २० ते ८० नॅनोमीटर जाड असते, तर रंग सोडणाऱ्यांची जेमतेम काही नॅनोमीटर असून तिच्या बाहेर आणखी एक पटल असते. मायकोप्लाझ्मा या जिवाणूंना तर भित्तिकाच नसते, त्यामुळे त्यांच्यावर पेनिसिलिन निष्फळ ठरते.

उत्तर ३ (शैवालमित्र): आर्किया, म्हणजे जिवाणूंसारखे दिसणारे पण वेगळ्या गटातील एकपेशीय सूक्ष्मजीव, राहून गेले. त्यांच्यापैकी पुष्कळांचे आवरण केवळ प्रथिनांच्या जाळीचे असते, आणि मिथेन निर्माण करणाऱ्या काही जातींत पेप्टिडोग्लायकनसारखे दिसणारे, पण वेगळ्या शर्करेचे व वेगळ्या बंधांचे द्रव्य असते. जिवाणूंची भित्तिका तोडणाऱ्या, अश्रूंमधील लायसोझाइम या विकराला ते तोडता येत नाही. डायटम ही एकपेशीय शैवाले तर आपली भित्तिका सिलिकाची घडवतात. ऊमायसीट हे बुरशीसारखे दिसणारे जीव पूर्वी कवकांतच मोजले जात, पण त्यांच्या भित्तिकेत सेल्युलोज आढळते, आणि त्यांना वेगळे काढताना हा पुरावाही महत्त्वाचा ठरला.

जिज्ञासा: आभारी आहे. म्हणजे तक्त्यात ‘आहे’ ऐवजी द्रव्याचे नाव लिहायला हवे होते. मग प्राण्यांच्या रकान्यातील ‘नाही’ तरी निरपवाद मानावे का?

सूक्ष्मदर्शी: भित्तिकेपुरते मानावे, सेल्युलोजपुरते मात्र नाही. समुद्रातील ट्युनिकेट हे प्राणी असूनही आपल्या शरीराभोवतीच्या कवचात सेल्युलोज तयार करतात, आणि ते तयार करणारे जनुक त्यांच्या पूर्वजांना एखाद्या जिवाणूकडून मिळाले असावे असे मानले जाते.