जातवार वसतिगृहांनी जात पक्की केली की सैल केली?

कृष्णाकाठ:
विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतल्या कोल्हापूर संस्थानाविषयी वाचत असताना एका विसंगतीपाशी मी अडलो आहे. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह, आणि पुढेही ही मालिका थांबली नाही. ज्या शाहू महाराजांनी १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वसाधारण शाळांत घेण्याचा हुकूम काढला, त्यांनीच राहण्याजेवण्याची सोय मात्र जातीजातींनुसार का होऊ दिली? अशाने जातीची भिंत उलट पक्की झाली नाही का? आणखी एक शंका अशी की, शाळा काढण्याइतकेच, किंबहुना त्याहूनही अधिक लक्ष वसतिगृहांकडे देण्याचे कारण काय असावे?

जुनी दप्तरे:
आपली दुसरी शंका आधी घेतो, कारण पहिलीचे उत्तर तिच्यातच दडलेले आहे. त्या काळी खेड्यात चौथीपर्यंत शिकलेल्या मुलाला पुढे शिकायचे असेल, तर संस्थानच्या किंवा जिल्ह्याच्या गावी जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. फी माफ झाली तरी तो राहणार कोठे आणि जेवणार कोणाकडे, हा प्रश्न उरतच असे. गरीब ब्राह्मण मुलासाठी या प्रश्नाचे उत्तर समाजाने फार पूर्वीच तयार ठेवले होते. त्याला वार लावून जेवता येत असे, म्हणजे सोमवारी एका घरी तर मंगळवारी दुसऱ्या घरी; तेही जमले नाही तर माधुकरी, म्हणजे दारोदार मागून आणलेले शिजलेले अन्न, होती. हे जेवण अपमानाचे आणि अनेकदा अर्धपोटी असे, पण त्याच्या आधाराने कित्येकांनी पदव्या घेतल्या. कुणब्याच्या, धनगराच्या किंवा महाराच्या मुलाला शहरात असे एकही दार उघडे नव्हते. वर्गात बसायला मिळूनही शिक्षण सुटायचे ते या पोटाच्या प्रश्नामुळे.

आता पहिली शंका. शाहू महाराजांनी सुरुवात जातवार सोयीपासून केलेली नाही. १८९६ साली राजाराम कॉलेजला जोडून सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एकच वसतिगृह काढण्यात आले होते. थोड्याच काळात ते जवळजवळ ब्राह्मण विद्यार्थ्यांचेच होऊन बसले. हा अनुभव हाताशी असल्यामुळे पुढचा मार्ग बदलला, असे मला वाटते. दार सर्वांना उघडे ठेवले की आधीपासून पुढे असलेलाच आत शिरतो, हे त्यांनी पाच वर्षांत पाहिले होते. त्यातच २६ जुलै १९०२ चा सुप्रसिद्ध हुकूम लक्षात घ्या. महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहण समारंभासाठी इंग्लंडमध्ये असताना निघालेल्या त्या हुकमाने संस्थानच्या नोकऱ्यांतील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. जागा राखल्या, पण त्या भरायला शिकलेली माणसे कोठून आणायची? बोर्डिंगे ही त्या हुकमाची दुसरी बाजू होती, आणि एकीशिवाय दुसरीला फारसा अर्थ उरला नसता.

शिवाय प्रत्येक बोर्डिंगसाठी संस्थानाने जागा, इमारत किंवा वार्षिक मदत दिली, तरी दैनंदिन खर्चाचा मोठा वाटा त्या त्या समाजालाच उचलावा लागे. आपल्याच समाजातील मुलांसाठी हात सैल सोडणारे सावकार, व्यापारी आणि इनामदार त्या काळात भेटत असत; सर्व जातींच्या मुलांसाठी तसे करणारे विरळा. पैसा जेथून येणार होता तेथून तो आणला गेला, इतकाच याचा अर्थ आहे.

तळटीप:
वरील उत्तरातील पोटाच्या प्रश्नाची मांडणी मला पटते, मात्र शेवटच्या परिच्छेदात आपण व्यवहाराच्या नावाखाली बरेच काही माफ करून टाकले आहे. जातवार बोर्डिंग हे केवळ जेवणाचे ठिकाण राहिले नाही. तेथे त्या जातीच्या परिषदा भरू लागल्या, देणगीदारांची आणि विश्वस्तांची एक नवी पुढारी पिढी तयार झाली, आणि १९१९ च्या सुधारणा कायद्यानंतर मुंबई कायदेमंडळात मराठा व तत्सम जातींसाठी ७ जागा राखल्या गेल्या, तेव्हा या जाळ्याचा राजकीय उपयोगही झाला. शिकलेला मुलगा गावी परतला तो पूर्वीपेक्षा अधिक संघटित जातीचा घटक होऊन. याला जात सैल होणे म्हणता येईल का?

आतल्या नियमांकडेही पाहावे लागेल. भाऊराव पाटील कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहत होते. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आल्यावर त्यांना आंघोळ करून मगच आत येण्यास सांगण्यात आले, त्यांनी ते नाकारले आणि अखेर बोर्डिंग सोडले, असे त्यांच्या चरित्रांतून सांगितले जाते. एका वसतिगृहाच्या समारंभाने दुसऱ्यात विटाळ होत असेल, तर दोन्हींना एकाच सुधारणेची फळे म्हणताना जरा थांबायला हवे.

पुढे याच भाऊरावांनी १९१९ साली सातारा जिल्ह्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी एकत्र बोर्डिंग उघडले आणि त्याला शाहू महाराजांचेच नाव दिले. १९२७ साली गांधीजींनी त्याला भेट दिली. तेथे महार, मराठा, मुसलमान, जैन अशी मुले एका पंगतीला बसत आणि स्वयंपाकापासून शेतकामापर्यंत सारी कामे मिळून करत. आणि खर्चाचे म्हणाल तर घरोघरच्या स्त्रिया दळणापूर्वी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवत, त्या मुष्टिफंडावर ही मुले जेवली. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी स्वतःचे दागिने मोडले ते वेगळेच. तेव्हा आपापल्या जातीबाहेर पैसा निघतच नव्हता, हे विधान साताऱ्यापुरते तरी टिकत नाही.

जुनी दप्तरे:
साताऱ्याचे उदाहरण मान्य आहे. परंतु ते कोल्हापूरनंतर दोन दशकांनी घडले, हा काळाचा फरक दुर्लक्षिण्यासारखा नाही. मुष्टिफंड देणाऱ्या शेतकरी घरांमध्ये आणि तो उभा करणाऱ्या कार्यकर्त्यांमध्ये सत्यशोधक प्रचार तोवर मुरला होता, आणि स्वतः भाऊरावांची घडण कोल्हापुरात झाली होती. १९०१ साली मिश्र पंगतीचे बोर्डिंग निघाले असते, तर पालकांनी मुलेच पाठवली नसती, असा माझा तर्क आहे.

शाळांना १९१९ चा हुकूम लागू झाला आणि खाणावळींना का नाही, याचेही उत्तर येथेच सापडते. शाळा संस्थानच्या पैशावर चालत होती, तेथे आज्ञा चालली. १९१७ च्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या कायद्यात तर मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा १ रुपया दंडाची तरतूद होती. पण कोणी कोणाच्या हातचे खावे, यासाठी दंड ठेवता येत नाही. म्हणून महाराजांनी अस्पृश्य समाजातील गंगाराम कांबळे यांना कोल्हापुरात हॉटेल काढून दिले आणि आपण स्वतः लोकांदेखत तेथला चहा घेऊ लागले. छत्रपतीने चहा घेतल्यावर सोबतच्या सरदारांना कप नाकारणे कठीण होते. हुकमाने जे साधत नव्हते ते त्यांनी अशा आडवाटेने साधले. कागदोपत्री त्याची नोंद अर्थातच कमी राहते.

रानजाई:
चर्चा उत्तम चालली आहे, फक्त तिच्यात मुलगे तेवढे दिसतात. १९०१ च्या जनगणनेत हिंदुस्थानातील स्त्रियांची साक्षरता शेकडा १ सुद्धा नव्हती. मुलीच्या बाबतीत वार किंवा माधुकरी हा पर्यायच संभवत नव्हता, त्यामुळे निवासाची सोय नसेल तर शिक्षण नाहीच, हा नियम तिला अधिकच कठोरपणे लागू होता. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ साली पुण्यात काढलेला अनाथ बालिकाश्रम १९०० मध्ये गावाबाहेर हिंगण्याला नेला, तेव्हा तो आधी विधवांच्या राहण्याची जागा होता आणि मग शाळा. तेथेही आरंभीच्या बहुतेक मुली ब्राह्मण घरांतल्या होत्या, हे ‘तळटीप’ यांच्या युक्तिवादाला पूरकच ठरेल. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन सुरू झाल्यावर परिचारिकेच्या शिक्षणाची वाट खुली झाली. विधवेने परक्या पुरुष रुग्णाची शुश्रूषा करायची, ही कल्पनाच त्या वेळच्या पुण्याला पेलत नव्हती.

तळटीप:
‘रानजाई’ यांनी दाखवलेली उणीव खरी आहे. मूळ प्रश्नापुरते इतकेच जोडतो की, १९२४ साली स्थापन झालेल्या आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनेही आरंभीच्या कामांत १९२५ मध्ये सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहच उघडले. आंबेडकरांना तेव्हा सर्वसाधारण वसतिगृहांच्या दारात ताटकळत राहणे परवडणारे नव्हते. तेथे स्वतंत्र सोय करणे मला गैर वाटत नाही. ज्यांना सर्वांनीच बाहेर ठेवले त्यांचे वेगळे वसतिगृह आणि ज्यांनी इतरांना बाहेर ठेवले त्यांचे वेगळे वसतिगृह, ही दोन्ही एका मापाने मोजू नयेत, एवढाच माझा आग्रह आहे.