इंजिन ठणठणीत असतानाही

पिकांवर औषध फवारणारी विमानं पट्टीवरून उठतानाच पडतात ती इंजिन दगा देतं म्हणून, असं म्हटलं जातं. देतंही कधीकधी, पण बऱ्याचदा इंजिन ठणठणीत असतं आणि वजनाचं गणित चुकलेलं असतं. एअर ट्रॅक्टर ८०२ हे फवारणीचं विमान घ्या. टाकीत सुमारे ३,००० लिटर फवारणीचं औषध मावतं, आणि धावपट्टी बहुधा मातीची नाहीतर गवताची. वजन १० टक्के वाढलं की उड्डाणाला लागणारं अंतर ढोबळमानाने २० टक्के वाढतं. त्यात दुपारी उन्हाने हवा विरळ, म्हणजे पंखांना उचल कमी आणि इंजिनाचा जोरही कमी. सकाळी आरामात पुरलेली पट्टी तेवढ्याच वजनाला दुपारी अपुरी पडते. गवत ओलं आणि वारा मागून असेल तर बोलायलाच नको.

सुटकेचा मार्ग विमानातच असतो: डंप लिव्हर. ओढला की टाकीचं खालचं दार उघडतं आणि काही सेकंदांत माल जमिनीवर. (तेव्हा नाक झपकन वर उसळतं, स्टिक, म्हणजे नाक वर-खाली करायचा दांडा, पुढे दाबावीच लागते.) पण महागडं औषध ओतून द्यायला हात धजावत नाही, आणि तेवढ्यात पट्टी संपते. म्हणून पट्टीच्या कडेला आधीच खूण रोवावी: इथवर ठरलेला वेग आला नाही तर थांबायचं. आणि उन्हाच्या वेळी टाकी कमी भरा. फेऱ्या वाढतील, मालक कुरकुरेल, कुरकुरू दे.